पाच अभंग आणि एक करंट अकाउंट

२०२५ च्या आषाढीला मी माझ्या चालीतले पाच अभंग स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड करून बाहेर काढले. एकादशी ६ जुलैला होती. पालख्या वाटेत असतानाच लोक विठ्ठलाची गाणी शोधायला लागतात, त्यामुळे जूनच्या मध्यापर्यंत ती सगळ्या ॲपवर दिसायला हवी होती. चालींचा प्रश्न नव्हता, मैफलीत गाऊन गाऊन त्या मुरल्या होत्या. बाकीचं, म्हणजे कागद, नंबर, फॉर्म, बँक, हे मात्र सगळं नवीन. मराठीत धड सांगणारं कुणी सापडलं नाही, म्हणून जे जसं झालं तसं लिहून ठेवतेय.

मी मिरजेत राहते. सकाळ-संध्याकाळ घरी गाण्याचा क्लास, सीझनला अभंग-नाट्यगीतांचे कार्यक्रम, अधूनमधून एखाद्या स्पर्धेला परीक्षक. विशारदच्या शास्त्राच्या पेपरात पलुस्कर आणि भातखंडे स्वरलिपींतला फरक मी पानभर लिहिला होता. पण पलुस्करबुवांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा ते चालवलं कशावर, पुस्तकं छापायला स्वतःचा छापखाना का घातला, मुंबईची इमारत पुढे कर्जापायी कशी गेली, यावर प्रश्न कधी आला नाही. बुवा कुरुंदवाडचे, शिकले आमच्या मिरजेत बाळकृष्णबुवांकडे, म्हणजे तसे गावचेच. त्यांच्या चरित्राचा हा भाग अभ्यासक्रमात घातला तर पोरांना अलंकार-पलट्यांइतकाच उपयोगी पडेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी एका कंपनीकडे विचारून पाहिलं. त्यांनी करार पाठवला. रेकॉर्डिंगचा खर्च माझा, गाणी त्यांच्या चॅनलवर, हक्क त्यांचे, कायमचे, सगळ्या जगात. असे करार सर्रास असतात आणि त्यावर सह्याही सर्रास होतात. माझी मावसबहीण वकील आहे. तिने तो वाचला आणि कॉपीराइट कायद्याची १८ आणि १९ ही कलमं माझ्यापुढे ठेवली. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चालीचा हक्क दुसऱ्याला लिहून दिला तरी रॉयल्टीतला संगीतकाराचा बरोबरीचा वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. "म्हणून तर ते 'कायमचे' आणि 'सगळ्या जगात' हे विसरत नाहीत," ती म्हणाली. मी कंपनीला नम्रपणे नको म्हणून कळवलं.

मग काय गायचं याची छाननी. तुकोबांचे, जनाबाईंचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, ते कुणीही गावेत. चालीचं तसं नाही. शब्द आणि चाल दोन्हींना कर्त्याच्या निधनानंतर साठ वर्षं संरक्षण असतं, आणि ती पुढच्या जानेवारीपासून मोजायची. श्रीनिवास खळे २०११ साली गेले. म्हणजे अभंग तुकोबांचा असला तरी त्यावरची खळेकाकांची चाल २०७१ संपेपर्यंत संरक्षित. अभिषेकीबुवा १९९८ साली गेले, त्यांच्या चाली २०५८ पर्यंत. उलट 'मानापमान'ची पदं लिहिणारे खाडिलकर १९४८ मध्ये आणि चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, दोघांचीही साठ वर्षं उलटली. मी वहीच्या मागच्या पानावर असा तक्ताच केला: संगीतकार, निधनाचं साल, अधिक साठ. कार्यक्रमात दुसऱ्यांच्या चाली मी आनंदाने गाते, त्याचा परवाना घेणं आयोजकाचं काम. देवळातल्या खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गायलं तर त्याला कायद्यातच सूट आहे. पण स्वतःचं म्हणून जे रेकॉर्डिंग बाहेर जाणार, त्यात सगळ्या चाली माझ्याच घेतल्या.

आता साथीदारांचा कागद. यावर मी सगळ्यात जास्त विचार केला होता आणि सगळ्यात जास्त धाकधूकही इथेच होती. स्टुडिओत तबला, पखवाज, संवादिनी आणि टाळ असे चौघे. आमचे तबलजी माझ्यापेक्षा वयाने मोठे, मी त्यांना दादा म्हणते. लग्नाआधीपासून त्यांची साथ आहे. त्यांच्यापुढे छापील कागद ठेवायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं होणार, ही भीती. शेवटी स्टुडिओत जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. महाराष्ट्रात शंभराचा मुद्रांक २०२४ च्या ऑक्टोबरपासून बंद झालाय, त्यामुळे पाचशेचा घेतला होता. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि आधी मुद्रांकावरची रक्कमच वाचली.

"ताई, पाचशे रुपये कागदाला घातलेत? कशाला? आपलं काय आजचं आहे का?"

"आजचं नाही म्हणूनच. वाचा तरी."

एकच पान होतं. रेकॉर्डिंगचे पैसे त्याच दिवशी खात्यात. नाव प्रत्येक ठिकाणी येणार आणि ते जसं लिहितात तसंच. रेकॉर्डिंग ऑडिओ ॲप आणि यूट्यूबसाठी, सिनेमा किंवा जाहिरातीत कुणी मागितलं तर परत विचारणार आणि त्याचे पैसे वेगळे. खर्च वसूल झाल्यावर जे उरेल त्यातला चाळीस टक्के वाटा चौघांत सारखा. दादांनी ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली. 'वादकाचा हक्क' या शब्दांवर थांबले. वाजवणाराही कायद्याने कलाकारच धरला जातो आणि त्याच्या वादनावर त्याचा हक्क पन्नास वर्षं राहतो, असं मी सांगितलं.

"मी वाजवलेल्या तुकड्यावर माझा हक्क?"

"हो."

"आणि मी गेल्यावर?"

"घरच्यांचा."

ते आत जाऊन काकूंना घेऊन आले आणि मला ते परत एकदा सांगायला लावलं. मग सही केली, आणि झेरॉक्स मागितली. चौघांत फक्त टाळवाल्या मुलाने न वाचता सही केली. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

उद्यम नोंदणी (म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंद) आणि बँक यांत सांगण्यासारखं फार नाही. उद्यमची नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते, तिच्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. व्यवसायाच्या यादीत कला आणि करमणुकीचं वेगळं खातं आहे आणि संगीत शिकवणं 'सांस्कृतिक शिक्षणा'त बसतं, मी दोन्ही घातले. तो कागद दाखवून करंट अकाउंट उघडलं. बँकेतल्या मुलीने फर्मचं नाव काय विचारलं. मी माझंच नाव सांगितलं. "आणि व्यवसाय?" गाणं, म्हटलं. तिने स्क्रीनवरची यादी वरपासून खालपर्यंत दोनदा चाळली आणि 'सर्व्हिसेस' निवडलं. हरकत नाही. क्लासची फी, कार्यक्रमाचे पैसे आणि किराणा एकाच पासबुकात येत होते ते वेगळे झाले, एवढं मला पुष्कळ.

गाणी चढवायची ती डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे ती सगळ्या ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत. इथे कान नाही, डोळे लागतात. फॉर्ममध्ये गायक, संगीतकार, गीतकार, प्रत्येक वादक, रेकॉर्डिंगचा मालक अशी वेगवेगळी घरं असतात. गीतकाराच्या घरात संतांचं नाव आणि पारंपरिक असल्याचा उल्लेख, संगीतकार मी, मालकही मी. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी नंबर मिळतो. तो भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते, किंवा डिस्ट्रिब्युटर स्वतःच्या साठ्यातून देतो. तो नंबर वहीत लिहून ठेवावा, कारण पुढे कुठेही हिशेब मागायचा तर गाण्याचं नाव कुणी विचारत नाही, हा नंबर विचारतात. शिवाय आपल्याकडे एकाच अभंगाची शेकडो रेकॉर्डिंग असतात, नावाने शोधलं तर सगळीच एकसारखी दिसतात. नावाच्या स्पेलिंगचंही तसंच. संवादिनीवाल्यांचं आडनाव रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिता येतं आणि ते स्वतः तिन्ही प्रकारे लिहीत आले होते. पॅनवर जे आहे तेच घालू, यावर अर्धा तास चर्चा झाली. ॲपच्या दृष्टीने ती तीन वेगवेगळी माणसं असतात.

चित्र चौकोनी, तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलचं दिलं. भाचीने केलं. विठ्ठलाचा फोटो नेटवरून उचलायचा नाही, एवढी एकच अट मी तिला घातली होती. तिने कंबरेवरचे हात तेवढे रेखाटले, छान झालं.

गाणी लागली आणि यूट्यूबवर दोन दिवसांत पहिल्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला. मी हादरलेच. उघडून पाहिलं तर दावा आमच्याच डिस्ट्रिब्युटरने आमच्याच गाण्यावर लावलेला! फॉर्ममध्ये कंटेंट आयडीच्या, म्हणजे यूट्यूबच्या रेकॉर्डिंग ओळखणाऱ्या यंत्राच्या, चौकटीत खूण केली की ते यंत्र आपलं रेकॉर्डिंग जिथे सापडेल तिथे हात टाकतं, अगदी मालकिणीच्या चॅनलवरसुद्धा. आपला चॅनल त्यांच्या सूटयादीत घालायला सांगितला की ते थांबतं. दुसरा दावा मात्र परक्याचा होता. एका अभंगाच्या शेवटी आम्ही 'ज्ञानदेव तुकाराम'चा गजर घेतला होता, वारीत घेतात तसा. यंत्राला तो कुठल्याशा अल्बममधल्या गजरासारखा वाटला. मी आक्षेप नोंदवला: गजर पारंपरिक, रेकॉर्डिंग माझं स्वतःचं, स्टुडिओचं बिल आणि साथीदारांचे करार माझ्याकडे आहेत. दावा करणाऱ्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. त्यांच्याकडून उत्तर आलं नाही आणि दावा गळून पडला. पण ते तीस दिवस नेमके आषाढीच्या भोवतीचे होते. दावा आल्यावर पाच दिवसांच्या आत आक्षेप घेतला तर मधल्या काळातली कमाई राखून ठेवली जाते, म्हणून पत्र आलं की लगेच बसावं. पारंपरिक गोष्टीवर कुंपण घालून बसणाऱ्यांचा मला राग येतो, पण राग व्यक्त करायला त्या फॉर्ममध्ये घर नाही.

याच सुमारास आयपीआरएसचं सभासदत्व घेतलं. १९६९ पासूनची ही संस्था गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांसाठी आहे. कुठे चाल वाजली तर तिचे पैसे ती गोळा करते. पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि बाहेर आलेल्या कामांची यादी द्यावी लागते, आणि नॉमिनी लिहावा लागतो. गायक म्हणून जो हक्क आहे तो तिथे येत नाही, त्यासाठी गायक-वादकांची आयसाम्रा आहे. म्हणजे एकाच गाण्यात मी तीन ठिकाणी आहे: चाल माझी, गळा माझा, रेकॉर्डिंग माझं. तिघींचे पैसे तीन वाटांनी येतात, आणि ज्या वाटेवर नाव नोंदवलं नाही तिथली रक्कम कुणी घरी आणून देत नाही. माझ्या ओळखीतले कितीतरी चाली लावणारे लोक यातल्या एकाही वाटेवर नाहीत. त्यांना सांगितलं तर म्हणतात, आपलं कुठे कोण वाजवतंय.

आणि खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चुकतंही नाही. पहिल्या तिमाहीचा हिशेब आला त्यात रेकॉर्डिंगच्या दिवशी मागवलेल्या मिसळीचे पैसेही निघाले नसते. ऐकण्यावर पोट भरेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. गाणी बाहेर असण्याचा उपयोग मला दुसरीकडे झाला. पूर्वी नवीन गावच्या आयोजकाला माझं गाणं ऐकवायचं म्हणजे कुणीतरी समोरून मोबाइलवर धरलेला व्हिडिओ पाठवायचे, त्यात पुढच्या रांगेतल्या काकांचा खोकला जास्त ऐकू यायचा. आता लिंक पाठवते.

त्या लिंकखाली काय लिहायचं हेही ठरवलं. आमच्याकडची जुनी रीत अशी की कार्यक्रम झाला, हार-नारळ झाला, की सेक्रेटरी बाजूला घेऊन पाकीट हातात ठेवणार. आत किती आहे ते गाडीत बसल्यावर कळणार, आणि साथीदारांना त्यातून काय द्यायचं याचा हिशेब घरी येईपर्यंत मनातल्या मनात. आता फोन आला की मी आधी तोंडी आकडा सांगते आणि मग हे पाठवते:

'एकूण मानधन ६०,००० रुपये, यात गायिका आणि चार साथीदार. प्रवास व राहण्याची सोय वेगळी. साउंड आयोजकांकडून, त्यात टाळ-पखवाजासाठी स्वतंत्र माइक आणि गायिकेला मॉनिटर. निम्मी रक्कम तारीख पक्की करताना, उरलेली कार्यक्रमाच्या दिवशी. संगीताचा परवाना आयोजकांनी काढावा. रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकण्यापूर्वी विचारावे.'

दिवाळी पहाटेसाठी एका मंडळाचे सेक्रेटरी फोनवर होते. आकडा त्यांनी ऐकून घेतला, निम्मे आधी म्हटल्यावर मात्र अडले.

"ताई, ॲडव्हान्स वगैरे आपल्यात नको. देवाचं काम आहे."

"मांडववाल्याला दिला का हो?"

"त्याला तर नवरात्रातच दिला. नाहीतर तो दुसरीकडे जातो."

"मग मीही जाईन की."

ते मोठ्याने हसले. दुसऱ्या दिवशी तीस हजार आले. माझा तंबोरा ज्यांनी केला त्या मिरजेच्या कारागिरांनीसुद्धा निम्मे पैसे हातात आल्यावरच भोपळा निवडला होता, आणि त्यांच्याबद्दल माझा आदर काही कमी झाला नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पेढे नेले होते.

सगळेच असे हसत नाहीत. दोन मंडळांनी मेसेज वाचून पुढे काही कळवलंच नाही. एका जुन्या ओळखीच्यांनी "आता तुम्ही फार मोठ्या झालात" असं म्हटलं, ते लागलं. तिथे मी अजूनही पाकिटावरच गाते. काही ठिकाणी गावं लागतंच.

एका ट्रस्टने साठ हजारांवर दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापला, खात्यात चोपन्न आले. ते बरोबर आहे. एकाच संस्थेकडून वर्षाला पन्नास हजारांच्या वर व्यावसायिक फी गेली की तेव्हाच्या १९४जे कलमाखाली कापावाच लागतो, आधी ही मर्यादा तीस हजार होती. पण पूर्ण रक्कम माझ्या पॅनवर दिसते आणि त्यातली निम्म्याहून जास्त साथीदारांची असते. म्हणून चौघांना आता खात्यातूनच देते, म्हणजे तो माझा खर्च दाखवता येतो. दुसऱ्या एका संस्थेने पैसे कापले पण मार्च उलटला तरी माझ्या २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, त्यांचा पत्ता नाही. कापून खिशात ठेवलेला टीडीएस परत मिळत नाही, त्यांनी तो भरून माझ्या पॅनवर रिटर्न टाकायला हवं. मी फोन केले, मग बिलाच्या प्रतीसह पत्र दिलं. पत्राने काम झालं.

बिलाखाली मी उद्यमचा नंबरही छापते. लहान उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावेत असा कायदा आहे, आणि तो गायिकेलाही लागू होऊ शकतो हे वाचून कंपन्यांच्या अकाउंट्स विभागातली माणसं जरा नीट बसतात.

जीएसटीचं मला अजून लागत नाही, वीस लाख उलाढाल बघायला पुढचा जन्म लागेल. पण सीएंनी एक गंमत सांगितली. शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाला दीड लाख मानधनापर्यंत जीएसटी माफ आहे. मग अभंग कशात धरायचे, शास्त्रीय, लोक, की सुगम? माझ्या गुरूंच्या बैठकीत यावर दोन बुजुर्ग एकमेकांशी वर्षभर बोलत नव्हते. आता ते जीएसटी अधिकारी ठरवणार.

चाळीस टक्क्यांतला पहिला वाटा दिवाळीत वाटला. खर्च वसूल व्हायला अजून खूप अवकाश आहे, पण कागदावर लिहिलेलं काहीतरी खरं होताना दिसावं म्हणून मी माझ्याकडून उचल म्हणून दिला आणि तसं लिहून दिलं. टाळवाल्याने रक्कम बघून विचारलं, "ताई, हे महिन्याचं का?"

दादांनी काही विचारलं नाही. पण जानेवारीत मी सांगलीच्या एका कार्यक्रमासाठी त्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मेसेज पाठवतो." मला वाटलं तारीख पाठवतील. आला तो मजकूर माझाच होता, फक्त आकडे बदललेले: तबला साथ, मानधन मी द्यायचे त्यापेक्षा दीड हजार जास्त, प्रवास वेगळा, स्वतंत्र मॉनिटर, निम्मे तारीख पक्की करताना. खाली पॅन आणि खाते क्रमांक. मी दीड हजारावर जरा घासाघीस करून पाहिली. ते ऐकेनात. निम्मे पाठवले.